परवानगीतील तिसरी फांदी : एरंडवण्यातील एका रेन ट्रीच्या छाटणीचे प्रकरण

एरंडवण्यातील एका जुन्या गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात, फाटकापासून जेमतेम पाच मीटरवर, रेन ट्रीचे एक मोठे झाड आहे. मराठीत त्याला वर्षावृक्ष किंवा विलायती शिरीष म्हणतात. मूळचे ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, पण पुण्याच्या रस्त्यांवर आणि जुन्या बंगल्यांच्या आवारांत आता इतके रुळले आहे की त्याचे परकेपण कोणाच्या लक्षातही येत नाही. या झाडाच्या खोडाचा घेर छातीच्या उंचीवर ३ मीटर ६० सेंटीमीटर भरतो, म्हणजे व्यास सुमारे ११५ सेंटीमीटर. सुमारे साडेचार मीटर उंचीपासून त्याला चार मोठ्या फांद्या फुटतात आणि त्या छत्रीच्या काड्यांसारख्या जवळजवळ आडव्या पसरतात. त्यांपैकी ईशान्येकडे गेलेली फांदी ११ मीटर लांब आहे. तिच्याखाली सोसायटीचे वाहनतळ, कुंपणाची भिंत आणि भिंतीपलीकडे गल्लीचा पदपथ येतो. त्या पदपथावर सकाळी शाळेच्या व्हॅनची वाट पाहत मुले उभी असतात.

मी झाडांची पाहणी करून छाटणीचे आराखडे करून देण्याचे आणि प्रत्यक्ष कामावर देखरेख ठेवण्याचे काम करतो. सोसायटीने मला बोलावले ते फेब्रुवारीत. तक्रार नेहमीचीच होती : फांद्या गच्चीपर्यंत आल्या आहेत, शेंगा गाड्यांवर पडून चिकटतात, आणि पावसाळ्यात एखादी फांदी मोडेल अशी भीती वाटते. पहिल्या दोन तक्रारींसाठी मी झाडाला हात लावत नाही. तिसरी मात्र रास्त होती, कारण रेन ट्रीच्या आडव्या फांद्यांच्या टोकांशी पालवी दाट असते, उन्हाळ्यात तिच्यात पिकलेल्या शेंगांचे वजन मिळते आणि वळवाच्या वाऱ्यात हा सारा भार फांदीच्या दुसऱ्या टोकाला, खोडाजवळ, येऊन पडतो.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा कायदा खासगी आवारातील झाडांनाही लागू आहे. ‘आमच्या आवारातले आमचे झाड’ हा समज पुण्यात अजूनही पुष्कळ आहे, म्हणून हे आधीच सांगितले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या कायद्यात ‘झाड तोडणे’ या शब्दांचा अर्थ केवळ बुंध्यातून पाडणे असा नाही; झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे हे सारे त्यात येते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून वेगळा दर्जा दिला. इमारतीचा पाया १९६० च्या दशकात खणला गेला तेव्हा हे झाड सावली देण्याइतके मोठे होते, असे सोसायटीतील सर्वांत जुने रहिवासी सांगतात. त्यामुळे त्या दर्जाचा विचार अर्जातच करणे भाग होते.

महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करताना मी सोबत हाताने काढलेला नकाशा जोडला आणि त्यात चार मुख्य फांद्यांना क्रमांक दिले. परवानगी त्या क्रमांकांनुसारच मिळाली. ईशान्येची फांदी तिसरी. तिच्याबाबत आदेशात असे होते की टोकाकडील, ७ सेंटीमीटरपर्यंत जाडीच्या उपफांद्या विरळ कराव्यात आणि मुख्य फांदी कापू नये. पुढे जे घडले ते या एका वाक्याभोवती घडले.

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे

काम एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाले. पहिल्या दोन फांद्या ठरल्याप्रमाणे पार पडल्या. तिसऱ्या फांदीवर जाण्यापूर्वी चढणाऱ्या कामगाराने, नेहमीच्या पद्धतीप्रमाणे, मुख्य खोडाच्या वरच्या बेचक्यात दोर अडकवला आणि फांदीवर वजन टाकण्याआधी लाकडी हातोडीने ती ठोकत पुढे सरकू लागला. खोडापासून सुमारे पावणेदोन मीटरवर तो थांबला आणि त्याने वरून हाक दिली, “साहेब, इथं आवाज बदलतोय. वरच्या अंगाला ढोली आहे. हात आत जातोय माझा.”

मी त्याला तिथून मागे, खोडापाशी यायला सांगितले आणि सगळे काम थांबवले. खाली उभ्या असलेल्या दोन माणसांना फांदीच्या छायेतून बाहेर काढले. मगच त्याला विचारले की नेमके काय दिसते आहे. क्रम असाच असावा असे मला वाटते, कारण कुतूहल फार वाईट असते. ढोली दिसली की खालचा प्रत्येक जण मान वर करून तिच्याखालीच येऊन उभा राहतो.

थोड्या वेळाने दुसऱ्या दोरावरून मी स्वतः वर गेलो. फांदीचा व्यास त्या जागी ४२ सेंटीमीटर होता. वरच्या बाजूला लांबट तोंडाची ढोली होती, ३० सेंटीमीटर लांब आणि १४ सेंटीमीटर रुंद. तिच्या कडांवरची साल आणि नवे लाकूड आतल्या बाजूला मेंढ्याच्या शिंगासारखे वळले होते, म्हणजे जखम बरीच जुनी होती. एका कडेला कुजलेल्या खुंटाचा अवशेष अजून शिल्लक होता आणि त्यावरून इतिहास वाचता येत होता : अनेक वर्षांपूर्वी कोणीतरी वर उभी वाढलेली एक जाड उपफांदी हातभर खुंट ठेवून कापली, खुंट मेला, आडव्या फांदीच्या पाठीवर पावसाचे पाणी साचत राहिले आणि कूज खुंटातून खाली मुख्य फांदीत उतरली. आतले लाकूड पांढुरके, तंतुमय आणि ओल्या पुठ्ठ्यासारखे झाले होते. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन बुरशी खाऊन टाकते तेव्हा ते असे दिसते.

ढोलीत घरटे नाही, हे मी मोबाइलचा कॅमेरा आत धरून आधी पाहिले. पुण्यात एप्रिलमध्ये अशा ढोल्यांतून पोपट आणि पिंगळे असण्याची शक्यता बरीच असते, आणि तसे असते तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आड आला असता आणि पिल्ले उडेपर्यंत तिथे करवत लावता आली नसती.

काळजीची खरी गोष्ट ढोलीपेक्षा वेगळी होती. तिच्या बाहेरच्या टोकापासून फांदीच्या पाठीवर एक बारीक चीर पुढे गेली होती, सुमारे ४० सेंटीमीटर लांब. चिरेचा ढोलीजवळचा भाग काळपट होता आणि त्यात धूळ बसली होती. शेवटचे १० सेंटीमीटर मात्र फिकट आणि स्वच्छ होते. हे लाकूड अलीकडेच, बहुधा त्याच उन्हाळ्यात, उलले होते.

भीती आणि मोजमाप

मी खाली येईपर्यंत बातमी सोसायटीभर झाली होती. अध्यक्ष काका पुढे आले. ते झाडाच्या बाजूचे गृहस्थ. मागे एकदा बिल्डरच्या माणसांनी मुळांवर राडारोडा टाकला तेव्हा भांडून तो उचलायला लावणारे तेच. पण त्या क्षणी ते म्हणाले, “अहो, परवानगी हातात आहे, माणसं आहेत, करवत आहे. आत्ताच मुळापासून काढून टाका ना ती. पुन्हा कोण अर्ज करत बसणार?” ठेकेदाराचे म्हणणेही तेच होते, वेगळ्या कारणाने : “उद्या ही पडली तर नाव माझं येणार, साहेब.”

दोघांचीही भीती खोटी नव्हती, आणि अशा वेळी ती उडवून लावणे चुकीचे आहे. तरी दोन गोष्टी मी तिथेच स्पष्ट केल्या. पहिली, हातातली परवानगी ७ सेंटीमीटरच्या उपफांद्यांची आहे. ४२ सेंटीमीटरची मुख्य फांदी काढणे हे तिच्या बाहेरचे काम आहे, आणि आपल्याला काहीतरी नवे दिसले म्हणून परवानगी आपोआप मोठी होत नाही. नवे दिसल्याने आपल्यावर एक कर्तव्य येते, अधिकार येत नाही. दुसरी गोष्ट मी ठेकेदाराला बाजूला घेऊन सांगितली, कारण ती चारचौघांत बोलण्याची नव्हती : या कामातले लाकूड कराराप्रमाणे तोच नेणार होता, आणि ज्याला लाकूड मिळते त्याने किती कापायचे हे ठरवू नये. तो रागावला नाही. हा संकेत त्यालाही ठाऊक होता.

मग मोजमापे घेतली. ढोलीच्या तोंडातून बारीक पोलादी सळई घालून आणि बाहेरून मोठा कॅलिपर लावून दोन्ही बाजूंची आणि खालची भिंत मोजली. ती सगळीकडे ९ सेंटीमीटरच्या आसपास आणि ठोकल्यावर टणक होती. आतली पोकळी त्यामुळे साधारण २४ सेंटीमीटर व्यासाची ठरते. सुई आत सरकवून लाकडाचा विरोध मोजणारे रेझिस्टोग्राफसारखे यंत्र मी मुद्दाम मागवले नाही. भिंत तोंडातूनच मोजता येत असताना निरोगी लाकडात आणखी छिद्रे पाडण्याचे कारण नव्हते.

या आकड्यांचा अर्थ लावताना चूक होणे सोपे आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. जर्मन अभ्यासक क्लाउस मॅटहेक यांनी पोकळ खोडांसाठी एक ढोबळ प्रमाण रूढ केले : निरोगी भिंतीची जाडी त्रिज्येच्या सुमारे ०.३ पट किंवा अधिक असावी. आमच्या फांदीची त्रिज्या २१ आणि भिंत ९, म्हणजे प्रमाण ०.४३, कागदावर उत्तम. दुसऱ्या रीतीने पाहिले तरी उत्तर धीर देणारेच येते. गोल दांड्याची वाकण्याला तोंड देण्याची ताकद आतल्या आणि बाहेरच्या व्यासांच्या गुणोत्तराच्या चौथ्या घातानुसार घटते, त्यामुळे ४२ सेंटीमीटरच्या फांदीत मधोमध २४ सेंटीमीटरची बंद नळी असेल तर ताकद फक्त ११ टक्क्यांच्या आसपास कमी होते. पोकळ झाडे वर्षानुवर्षे उभी राहतात ती याच कारणाने.

पण ही सगळी आकडेमोड बंद नळीची आहे. आमची नळी वरून उघडी होती आणि तेही नेमक्या वाईट जागी. आडव्या फांदीची पाठ ताणाखाली असते आणि पोट दाबाखाली. रुंदपर्णी झाडे आडव्या फांद्या तोलून धरण्यासाठी पाठीकडेच खास ताण-लाकूड तयार करतात. म्हणजे या फांदीत जे सर्वांत कामाचे लाकूड, तेच नाहीसे झाले होते आणि उरलेल्या कडांत चीर पुढे सरकत होती. ०.४३ हा आकडा मी अहवालात लिहिला, पण त्याच्यापुढेच हेही लिहिले की या फांदीला तो लावू नये. असा आकडा लपवला तर पुढे कोणीतरी तो स्वतःच काढतो आणि त्यावर विसंबतो.

त्या दिवशी काय केले

दुपारी साडेबाराच्या आत तीन गोष्टी झाल्या. वाहनतळाचा तेवढा भाग रिकामा करून दोर बांधला, आणि बाहेरच्या पदपथाचा फांदीखालचा पट्टाही अडथळे ठेवून बंद केला. अंतर ठरवताना फांदीची लांबी आणि वर दोन मीटर धरले. शाळेच्या व्हॅनचा थांबा मागच्या फाटकावर हलवण्याचा निरोप पालकांना गेला. आणि क्षेत्रीय कार्यालयातील संबंधित अधिकाऱ्यांना आधी फोन व लगेच लेखी कळवले.

त्या लेखी मजकुराकडे मी अर्धा तास दिला, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. फांदीचा नकाशातील क्रमांक, दिशा, उंची, खोडापासूनचे अंतर, व्यास, ढोलीची मापे, भिंतीची जाडी, चिरेची लांबी आणि तिच्या फिकट भागाची लांबी, टेप धरून काढलेली छायाचित्रे, खाली काय आहे आणि ते हलवता येते का, एवढे त्यात होते. ‘धोकादायक झाड’ हे शब्द त्यात कुठेही नव्हते. झाड धोकादायक नव्हते. एका फांदीच्या एका जागी दोष होता. ही काटछाट भाषेची वाटली तरी तिचा परिणाम फार व्यावहारिक असतो, कारण ‘झाड धोकादायक’ असे एकदा कागदावर आले की वाचणाऱ्या अधिकाऱ्यालाही ते झाड वाचवणे अवघड होते. त्याने काही केले नाही आणि उद्या अपघात झाला, तर तो कागद त्याच्याविरुद्ध उभा राहतो. शेवटी मी पर्याय सुचवले आणि माझी पसंती कोणती, हेही लिहिले. निव्वळ ‘मार्गदर्शन व्हावे’ असे लिहून सोडणे म्हणजे आपला निर्णय दुसऱ्याच्या टेबलावर ढकलणे होय.

त्याच दिवशी आणखी एक काम करता येण्यासारखे होते, आणि ते परवानगीच्या आतले होते. आदेशाने टोकाकडील ७ सेंटीमीटरपर्यंतच्या उपफांद्या काढायला मुभा दिलीच होती. तेवढ्याने दोष मिटणार नव्हता, पण टोकाकडचे दर किलो वजन त्या चिरेवर कित्येक पटींनी लागू होत असल्याने जे काढता येईल ते लगेच काढणे शहाणपणाचे होते. फरक केला तो पद्धतीत. कोणीही फांदीवर चढायचे नाही म्हणून दुपारनंतर हायड्रॉलिक बूम लिफ्ट मागवली. चेनसॉऐवजी हातकरवत वापरली. तुकडे लहान ठेवले आणि ते सोडण्याचा दोर या फांदीवरून न घेता मुख्य खोडाच्या बेचक्यातून घेतला, जेणेकरून तुकडा सुटताना बसणारा झटका दोषाच्या जागी जाऊ नये. अंधार पडण्यापूर्वी टोकाकडची पालवी साधारण एक दशांशाने कमी झाली.

मधल्या दोन रात्री

दुसऱ्या दिवशी अधिकारी प्रत्यक्ष पाहणीला आले आणि लिफ्टमधून वर गेले. ढोलीत हात घालून त्यांनी स्वतः खात्री केली आणि पंचनामा झाला. सुधारित लेखी आदेश तिसऱ्या दिवशी मिळाला. मधल्या काळात सोसायटीत बरीच चर्चा झाली. त्यातल्या दोन सूचनांची नोंद करतो, कारण त्या पुण्यात प्रत्येक ठिकाणी निघतात.

एका रहिवाशांनी ढोली साफ करून सिमेंटने भरून टाकण्याचे सुचवले. पूर्वी असे करत असत, आणि जुन्या बागांतून सिमेंट भरलेली खोडे आजही दिसतात. झाड मात्र दाताप्रमाणे भरून काढता येत नाही. अमेरिकन वनस्पतिरोगतज्ज्ञ ॲलेक्स शिगो यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार झाड जखम बरी करत नाही, ते तिला कोंडते. जखमेभोवती रासायनिक आणि रचनात्मक भिंती उभ्या करते, आणि त्यांतली सर्वांत भक्कम भिंत म्हणजे जखम झाल्यानंतर तयार झालेल्या नव्या लाकडाच्या आतल्या कडेचा थर. ढोली खरवडून स्वच्छ करताना नेमकी हीच भिंत फुटते आणि कूज बाहेरच्या निरोगी लाकडात शिरते. शिवाय सिमेंट वाऱ्यात झाडाबरोबर वाकत नाही. ते आतून कडांना घासत राहते आणि ओल धरून ठेवते. पाणी निघून जावे म्हणून खालून भोक पाडण्याची सूचनाही याच कारणाने मी नाकारली.

दुसरी सूचना अशी होती की कापांवर गेरू किंवा मलम लावावे. सोसायटीचे माळी गेरूचा डबा घेऊनच आले होते. योग्य जागी घेतलेल्या कापावर लेप लावल्याने कूज थांबते असे दिसून आलेले नाही, म्हणून आम्ही काप उघडे ठेवले. कॉलर, म्हणजे फांदीच्या मुळाशी असणारा फुगीर कडा, शाबूत राहील असा काप घेणे हेच खरे औषध.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. साडेसहाच्या सुमारास वारा सुटला आणि मी गच्चीतून ती फांदी वरखाली होताना पाहत उभा होतो. ती टिकली. पण ती टिकली म्हणून थांबण्याचा निर्णय बरोबर ठरला, असे मी मानत नाही. खाली माणूस आणि वाहन नव्हते म्हणून तो बरोबर होता. फांदी मोडली असती तरी तो बरोबरच राहिला असता.

काढायची की ठेवायची

अधिकाऱ्यांशी झालेल्या चर्चेत तीन पर्याय खरोखर विचारात घेतले गेले.

फांदी खोडापासून पूर्ण काढणे हा पहिला. त्याने दोष नाहीसा होतो, पण खोडावर ४२ सेंटीमीटर व्यासाची जखम राहते. फांदी फुटते तिथे खोडाचा व्यास ७८ सेंटीमीटर आहे, म्हणजे फांदी खोडाच्या निम्म्याहून जाड आहे. इतक्या जाड फांदीच्या मुळाशी कूज रोखणारी नैसर्गिक सोय दुबळी असते आणि मधल्या गाभ्याचे लाकूडही उघडे पडते, त्यामुळे आज फांदीत असलेली कूज दहा वर्षांनी खोडात असण्याची शक्यता बरीच. शिवाय ईशान्येचा आडोसा गेल्यावर शेजारच्या दोन फांद्यांवर पूर्वी न लागलेला वारा लागू लागतो आणि आजवर सावलीत राहिलेली त्यांची साल उन्हात भाजते. आज एका ज्ञात दोषाच्या बदल्यात उद्याचे तीन अज्ञात दोष विकत घेण्यासारखे ते होते.

वरच्या खोडाला लवचीक दोराने फांदी बांधून आधार देणे हा दुसरा. तो मला नकोसा नव्हता, पण एकटा पुरेसा नव्हता, आणि आधाराच्या दोराची दरवर्षी तपासणी करावी लागते, जी सोसायट्यांकडून दोन-तीन वर्षांनी विसरली जाते.

तिसरा पर्याय फांदी आखूड करण्याचा. ढोलीपासून टोकापर्यंतची लांबी ९.२ मीटर होती. भार लांबीवर सारखा पसरला आहे असे ढोबळ मानले, तर ढोलीच्या जागी येणारा वाकवणारा जोर या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. टोकाकडून अडीच मीटर कमी केले की उरतात ६.७ मीटर, आणि वर्गांचे गुणोत्तर येते ०.५३. म्हणजे एकूण फांदीच्या लांबीतील चौथ्या हिश्शाहूनही कमी भाग काढून दोषावरचा जोर जवळपास निम्मा करता येतो. फांदी बुडाशी जाड असल्याने लाकडाचे वजन आत अधिक असते, त्यामुळे हा आकडा नेमका नाही. पण पालवी, शेंगा आणि वारा हे सारे टोकाकडेच असल्याने वादळातला फायदा कमी भरण्याचे कारण नाही. हे गणित मी अध्यक्ष काकांना कागदावर करून दाखवले. मुळापासून काढण्याचा आग्रह त्यांनी तिथे सोडला.

सुधारित आदेशात तिसऱ्या फांदीवर १४ सेंटीमीटरपर्यंतचे दोन काप मंजूर झाले. प्रत्येक काप अशा उपफांदीपाशी घेतला की जिची जाडी कापलेल्या भागाच्या निदान एक तृतीयांश असेल, म्हणजे १४ सेंटीमीटरच्या कापापाशी ५ सेंटीमीटरहून जाड उपफांदी. त्याहून बारीक उपफांदी पुढचा भाग जगवू शकत नाही, काप सुकतो आणि पुन्हा तोच खुंटाचा इतिहास सुरू होतो. आधी खालून, मग वरून थोडे पुढे, आणि शेवटी कॉलरबाहेर, असे तीन टप्प्यांत काप घेतले, जेणेकरून साल फाटत खाली येऊ नये. पूर्ण झाडाची कमी झालेली पालवी दहा टक्क्यांच्या आत राहिली. या वयाच्या झाडावर एका वर्षात त्याहून अधिक घेणे मला मान्य नाही. आधाराचा दोर आम्ही त्या वर्षी लावला नाही.

माझी चूक, आणि त्यानंतरचे वर्ष

काम संपल्यावर मी समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत गेलो. तिथून दुर्बिणीने ती ढोली स्पष्ट दिसत होती. फेब्रुवारीतली पाहणी मी पूर्णपणे जमिनीवरून केली होती. पालवी अर्धी गळलेली असतानाचा, म्हणजे वरची बाजू दिसण्याचा सर्वांत चांगला काळ मी हातात असून वापरला नव्हता. आडव्या फांद्यांचे दोष पाठीवर असतात, कारण पाणी पाठीवर साचते आणि जुने उभे खुंटही तिथेच असतात. हे मला माहीत होते. तरी मी पोटाकडून पाहिले आणि तिसऱ्या फांदीपुढे ‘दोष आढळला नाही’ असे लिहिले. ‘वरची बाजू पाहिली नाही’ असे लिहिणे प्रामाणिक झाले असते. त्या एका वाक्याने परवानगीत पुढची पाहणी आणि गरजेनुसार वाढीव काप यांची तरतूद आधीच मागता आली असती आणि तीन दिवस वाचले असते.

खर्चाचा प्रश्नही याच चुकीतून निघाला. लिफ्टचे दोन जादा दिवस कोणी सोसायचे यावर ठेकेदार आणि सोसायटी यांच्यात कटुता आली आणि अखेर एक दिवस मी माझ्या मानधनातून दिला. तेव्हापासून मी दरपत्रकात ‘काम थांबवावे लागल्यास एका दिवसाचा दर’ ही ओळ आधीच घालतो. काम थांबवण्याचा खर्च ठरलेला नसला की कोणालाच थांबायचे नसते, आणि करवत चालू ठेवणे सगळ्यांत स्वस्त वाटू लागते.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी, आम्ही पुन्हा वर गेलो. चिरेच्या टोकाशी एप्रिलमध्ये लावलेली तांब्याची लहान खिळी जागेवर होती आणि चीर तिच्यापुढे सरकलेली नव्हती. दोन्ही मोठ्या कापांभोवती नव्या लाकडाची कड धरू लागली होती, आणि मागे फुटलेल्या कोंबांपैकी आम्ही एकही काढला नाही, कारण आखूड झालेल्या फांदीला आता त्याच पानांवर जगायचे आहे. ढोलीच्या आतल्या भिंतीवर पावसाळ्यात एक लहान अळंबी उगवून वाळलेली दिसली. तिचे छायाचित्र आणि मापे नोंदवली. भिंतीची जाडी तीन ठिकाणी पुन्हा मोजली, ती ९ सेंटीमीटरच भरली.

पुढची पाहणी फेब्रुवारीत, पालवी गळाल्यावर आहे, आणि ती समोरच्या गच्चीतून सुरू होईल.